जांभईची खूण

४ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. विज्ञानप्रसाराचा एवढा मोठा पुरस्कार, आणि तोंड मात्र दाढ काढायला बसल्यासारखं. शेजारच्या बाईंनी अंक मुद्दाम आणून दिला आणि विचारलं, की टीव्हीवर बाटलीत अंडं घालणारे ते हेच का. मी म्हटलं, हो, आणि लहानपणी माझी वेणी दाराच्या कडीला बांधून मला घर्षण शिकवणारेही हेच. पृथ्वी फिरते तरी आपण पडत नाही हे पटवून द्यायला तू अंगणात गरगर फिरायचास आणि दर वेळी पडायचास, हेही सांगितलं. म्हणून घरात भिंगरी, बाहेर शास्त्रज्ञ.

दिवसभर तुझं पहिलं भाषण आठवत होतं. ऐकायला अकरा माणसं, त्यातली चार नुसती पंख्याखाली बसायला आलेली. आदल्या दिवशी तू मला ते सगळं वाचून दाखवलंस आणि मध्येच मला जांभई आली. आधी रुसलास, मग तूच नियम केलास. ताईला जिथे जांभई येईल तिथे तिने समासात पेन्सिलीने लहानसा गोल काढायचा, आणि गोल पडला की तो मजकूर गेला. कारण विचारायचं नाही, सबब ऐकायची नाही. एकवीस वर्षं झाली, नऊ पुस्तकं झाली. तुझ्या त्या परदेशी पदव्यांपेक्षा माझ्या जांभयांनी तुला जास्त मोठं केलं, असं मी ह्यांना सांगते, तर हे हसतात.

पण दोन महिन्यांत तुझं एकही बाड आलेलं नाही. मी पेन्सिलीला टोक करून ठेवलंय. दुसरी कुणी जांभया देणारी मिळाली असेल तर सरळ सांग, मी काही रडणार नाही.

ह्यांची तब्येत बरी. दीड वर्षापूर्वीच्या त्या आजारपणानंतर छातीने पुन्हा त्रास दिला नाही. दुकानात दोन-तीन तास बसतात. घड्याळं दुरुस्तीला येतात कमी, पण आलेल्यांशी गप्पाच जास्त होतात.

समारंभाची तारीख कळव. मला पहिल्या रांगेत बसव, म्हणजे जांभई आली तर तुला दिसेल.

जशी आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी,
ताई


११ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोटो काढला तेव्हा खरंच दुखत होतं. दाढ नव्हती.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली होती, ती आज लिहितो. माझा नाकाला लावून सोडायचा गोळा तुला पाठ आहे. छताला दोरीने टांगलेला जड गोळा नाकाशी धरायचा आणि नुसता सोडायचा. तो लांब जातो, तसाच अंगावर येतो, लोक किंचाळतात, आणि तो नाकापासून बोटभर अंतरावर थांबून परत फिरतो. जितक्या उंचीवरून सोडला त्याच्यावर जाण्याची ताकदच त्याच्यात नसते. तीनशेवर वेळा मी हे केलं. सगळ्यात जास्त टाळ्या ह्यालाच. शेवटच्या पुस्तकात हा प्रयोग ‘घरी आणि शाळेत करून पाहा’ म्हणून दिला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, इथून दोन तासांवरच्या एका शाळेत, विज्ञानाच्या मास्तरांनी तो करून पाहिला. धान्याच्या दुकानातून पाच किलोचं लोखंडी वजन मागून आणलं. सातवीतली एक मुलगी स्वतःहून पुढे आली. तिने वजन अगदी बरोबर सोडलं. ढकललं नाही. पण ते दूर गेल्यावर कुठवर गेलं हे पाहायला ती पुढे वाकली.

डाव्या डोळ्याखालचं हाड मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्या डोळ्याने तिला उजेड दिसतो, माणूस दिसत नाही.

मी हा प्रयोग नेहमी भिंतीला पाठ आणि डोकं टेकून करतो. सोडल्यावर हलायचं नाही, त्यासाठी भिंत. ही सूचना पुस्तकात नाही. माझ्याकडून ती लिहायची राहून गेली. चूक सर्वस्वी माझी आहे.

विद्यापीठात माझ्याच विभागातला जुना सहकारी वीस वर्षं मला ‘जादूगार’ म्हणत आला. बातमी कळल्यावर तो आला. माझ्यासमोर चहाचा कप आणून ठेवला आणि गेला. त्यापेक्षा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

बाड येत नाही, कारण मी लिहीत नाही. दुसरी कुणी मिळालेली नाही.

भावोजींना नमस्कार. त्यांची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


१६ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी गॅस बंद केला आणि नुसती बसून राहिले. त्या पोरीच्या आईचं काय होत असेल, हेच मनात येतंय. आणि तू अडीच महिने हे एकट्याने पोटात ठेवलंस. लहानपणी काचेचा दिवा फोडलास तेव्हाही तीन दिवस असाच शहाण्यासारखा वागत होतास, तेव्हाच मला संशय आला होता.

आधी विचारते ते सांग. मुलीला भेटलास का? कुणाच्या हाती फळं पाठवलीस म्हणजे भेटलास असं होत नाही. आणि त्या मास्तरांचं काय झालं?

आता दुसरं. तू लिहितोस की सूचना लिहायची राहून गेली. भिंगरी, मला तसं आठवत नाही. मला ‘पाठीमागची भिंत’ हे शब्द आठवतात. ते वाचताना मी मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं होतं, आणि तिचे पोपडे निघाले होते. आमच्या घरातली भिंत नव्हे ती, इस्पितळातली. ह्यांना तिथे ठेवलं होतं, त्याच आठवड्यात तुझं हे बाड आलं होतं. म्हणजे तू लिहिलं होतंस. मग ते गेलं कुठे?

तू पानन् पान जपून ठेवतोस. ते पान मला पाठव. नुसतं बघायचं आहे.

ह्यांची तब्येत कशी ते सविस्तर विचारलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस म्हणून ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, मेहुण्यांना सांग की काटे चालू आहेत.

जेवत जा. आणि पान पाठव.

तुझी,
ताई


२४ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ते पान माझ्याकडे नाही. छपाईनंतर बाड प्रकाशकांकडेच राहिलं असावं. तुला भिंत आठवते ती कदाचित दुसऱ्या कुठल्या प्रकरणातली असेल. दीड वर्ष झालं, तुझं मन तेव्हा भावोजींकडे लागलेलं होतं. तू ह्यात डोकं शिणवू नकोस.

मुलीला भेटलो. फळं नेली नाहीत. घर दोन खोल्यांचं, खिडकीपाशी तिचं टेबल, त्यावर पुस्तकं उजवीकडे सरकवून ठेवलेली, डावीकडच्याला तिचा हात धडकतो म्हणून. माझं पुस्तकही त्यांत होतं. तिच्या आईने पाणी दिलं आणि ती आत गेली. मुलगी मात्र बोलकी. तिने मला एकच गोष्ट विचारली. ती हलली नसती तर वजन खरंच नाकापाशी थांबलं असतं का? मी म्हटलं, हो, थांबलंच असतं. त्यावर तिने मान डोलावली आणि म्हणाली, की म्हणजे चूक तिचीच.

ताई, ‘तुझी नाही’ असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण त्यापुढे काय सांगायचं ते सुचेना, म्हणून पाणी प्यालो. दोन तास गाडीत बसून परत आलो.

मास्तर निलंबित आहेत. वर्गात त्यांनी पुस्तकातली एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि तसंच केलं. हलू नका असं कुठे लिहिलेलंच नव्हतं, एवढंच ते सगळ्यांना सांगत फिरतात. चौकशी समितीने मला लेखी विचारलं होतं. मी जे कळवायचं ते कळवलं आहे. प्रकाशकांच्या वकिलांनीही मदत केली.

पुरस्काराचा समारंभ ऑगस्टमध्ये आहे.

माझ्यावरची माया कमी करू नकोस. त्या लायकीचा नसलो तरी.

तुझा,
भिंगरी


३० जून

श्री. मेहुणेबुवा यांस,
स. न. वि. वि.

माझं पत्र पाहून दचकू नका. बायकोला न सांगता मेहुण्याला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. दुकानात बसून लिहितो आहे. समोर एक भिंतीवरचं घड्याळ उघडून ठेवलंय, म्हणजे ती आलीच तर मी कामात आहे असं दिसेल.

तुमच्या ताईने आठवडाभर नीट खाल्लेलं नाही. तुमचं पत्र आलं त्या दिवशी ती म्हणाली, की भिंगरी खोटं बोलतोय, आणि तो फक्त एकाच कारणासाठी खोटं बोलतो, दुसऱ्याला वाचवायचं असेल तर. (मी म्हटलं, दोन कारणं असतात, दुसरं स्वतःला वाचवायचं. तिला ते आवडलं नाही.) तेव्हापासून तिच्या मनाने घेतलंय, की त्या मजकुरासमोर गोल तिनेच काढला असणार. तिला ते आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून जास्त त्रास होतो.

मला आठवतं. मी समोर खाटेवर पडलो होतो, मला दुसरं कामच काय होतं. दुपारची वेळ. ती पाठ न टेकता स्टुलावर बसली होती, मांडीवर तुमचं बाड. तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. वाचता वाचता ती एकसारखी जांभया देत होती आणि दर जांभईला इमानदारीने गोल काढत होती. मी तिला म्हटलंही, की अगं, लेखन कंटाळवाणं नाही, तूच झोपेला आली आहेस. तर म्हणाली, नियम म्हणजे नियम, सबब ऐकायची नाही असं ठरलंय. मला हसू आलं. हसलो की छातीत कळ यायची म्हणून मी गप्प राहिलो. तेव्हा तिच्या हातून पेन्सिल काढून घेतली असती तर, असं आता मनात येतं. मीही ह्यात थोडा आहे.

एक गोष्ट लिहू की नको असं करत लिहितो. बाडासोबत तुमची चिठ्ठी होती. ‘सोमवारपर्यंत परत पाठव, छापखाना थांबला आहे.’ मला इस्पितळात ठेवल्याचं तिने तुम्हाला आधीच कळवलं होतं. चिठ्ठीत त्याबद्दल काही नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मोठ्या कामाच्या माणसाचं असं होतं. पण तिने ती चिठ्ठी घडी करून माझ्या उशीखाली ठेवली, आणि सोमवारी बाड परत पाठवलं.

ह्यातलं तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. पण तिला खरं ते सांगा. घड्याळ मागे पडत असेल तर मला चालतं, मी ते लावू शकतो. न चालणाऱ्या घड्याळावर बरोबर वेळ लावून ठेवलेली मला चालत नाही.

स्नेह आहेच, तो असाच चालू राहो.

तुमचा,
घड्याळवाला


६ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पान माझ्याकडेच आहे. टेबलाच्या खालच्या खणात, कुलपात. अपघाताची बातमी आली त्या दिवशीच ते काढून पाहिलं होतं.

त्यावर मी लिहिलेली सूचना आहे, सहा ओळींची. पाठीमागची भिंत आहे. समासात तुझा गोल आहे. आणि त्या सहा ओळींवर माझ्या लाल शाईची आडवी रेघ आहे. सूचना लिहायची राहून गेली हे खोटं. मला धोका माहीत होता, मी तो लिहिला होता, आणि मीच खोडला.

आता त्याहून वाईट. समितीला मी काय कळवलं ते तुला सांगितलं नव्हतं. पत्र वकिलांनी तयार केलं होतं. ‘असा अपघात होऊ शकेल अशी लेखकास कल्पना नव्हती, प्रयोग करताना सर्वसामान्य दक्षता घेणे ही शिक्षकाची जबाबदारी होय.’ खाली माझी सही. मास्तरांच्या निलंबनाला जो आधार मिळाला तो हाच. सही करताना मी मनाशी म्हणत होतो, की हे ताईसाठी. पान बाहेर आलं तर गोल बाहेर येईल, आणि लोक तिला नावं ठेवतील. इतकं छान कारण मिळाल्यावर माणूस काहीही करू शकतो.

भावोजींचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नकोस. ते वाचून मी बाड पुन्हा उलटलं, आणि ह्या वेळी तुझे गोल मोजले. एका प्रकरणात तुझे दोन असतात, फार तर तीन. एकवीस वर्षांत कधी चौथा नव्हता. त्या प्रकरणात नऊ आहेत. शेवटचे तीन तर वाकडे, एक ओळीच्या मधोमध आलेला.

प्रयोगशाळेत एखादं यंत्र अचानक तिप्पट माप दाखवू लागलं तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा आधी यंत्राला काय झालं ते बघतो. मी तेव्हा नऊ गोल पाहिले होते, ताई. पाहिले नाहीत असं नाही. मनात आलंही, की हिला काय झालंय. पण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि तू सांगितलं असतंस तर मला यावं लागलं असतं. त्या आठवड्यात माझी चार भाषणं होती. म्हणून मी विचारलं नाही. नऊच्या नऊ जागा खोडल्या आणि छापखान्यात पाठवून दिल्या.

लोकांना मी सांगत फिरतो, की बघा, मोजा, शंका घ्या. तुझ्या बाबतीत तेवढंच केलं नाही.

आता काय करू ते तू सांग. मला ठरवता येत नाही असं नाही, ठरवलं की करावं लागेल, त्याची भीती वाटते.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही.

भिंगरी


१० जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

काय करू म्हणून मला विचारतोस, म्हणजे पुन्हा माझ्याकडून गोल काढून घ्यायचा आहे. ठीक आहे, एवढ्या वेळी काढते.

पान समितीला दे. खरं पान, नक्कल नव्हे. त्यावरचा गोल माझा आहे हे लिहून दे. वाटलं तर मी स्वतः येऊन सांगते. मला वाचवायचं म्हणून तू त्या मास्तरांची नोकरी घालवलीस, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस की मला वाचायचं आहे का. माझ्या पदराआड लपायला तू आता सहा वर्षांचा नाहीस. तेव्हा लपू दिलं ती माझीच चूक.

सही परत घे. मास्तरांच्या घरी जा. पत्र नको, स्वतः जा. आणि त्या पोरीला सांग की चूक तिची नाही. हे सगळ्यात आधी कर. समितीला आठ दिवस उशीर झाला तर चालेल, तिला आणखी एक दिवसही नको.

आता माझं. हे तू पहिल्यांदाच ऐकशील. मी त्या दिवशी बाडावर एक ओळ लिहू शकले असते, की झोपेत वाचलंय, भरवसा ठेवू नकोस. पेन्सिल हातातच होती. लिहिलं नाही. का, तर एवढा मोठा भाऊ, ज्याला सभागृहं उठून टाळ्या देतात, तो माझ्या एका गोलाने आपली ओळ पुसतो, ह्याची मला चटक लागली होती. शाळा मी अर्धी सोडली, तुझी पूर्ण झाली. त्याचं कधी वाईट वाटू दिलं नाही, पण ह्या गोलांनी ते भरून निघत होतं. एकदा सबब सांगितली असती तर पुढच्या वेळी तू दुसऱ्या कुणाला बाड दिलं असतंस, ही भीती होती. म्हणून बसले डोळे ताणून आणि काढले नऊ गोल.

तू यावंस अशी त्या आठवड्यात माझी इच्छा होती. हेही लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

ह्यांना मी काही बोलले नाही. दुकानातलं घड्याळ तेवढं दहा दिवस उघडंच आहे, म्हणून विचारलं, की दुरुस्ती चालली आहे की पत्रलेखन. कान लाल झाले.

जा आता. झालं की कळव.

तुझी,
ताई


१९ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं एकदम लिहायचं म्हणून थांबलो होतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मुलीकडे गेलो. सांगितलं, की चूक तिची नव्हती, सूचना मी लिहून मग खोडली होती.  तिने विचारलं, की हे मी मागच्या वेळी का नाही सांगितलं. मी म्हटलं, भीती वाटली. तर तिने विचारलं, कुणाची.  तिची आई दारात उभी होती. ती म्हणाली, की माझी पुस्तकं तिनेच मुलीला बक्षीस म्हणून विकत आणली होती. एवढंच म्हणाली. ताई, ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. हे मात्र रोज ऐकू येतं.

मास्तर अंगणात कपडे वाळत घालत होते. मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, चिमटे लावून संपवले आणि म्हणाले, की ह्यातलं काही बदलणार असेल तर कागदावर आणा. दुसऱ्या दिवशी समितीला पान दिलं, सही मागे घेतल्याचं पत्र दिलं. मास्तरांचं निलंबन गेल्या आठवड्यात उठलं. माझ्याबद्दलचा अहवाल वेगळा येणार आहे, तो यायचा तसा येईल. प्रकाशकांनी दुकानांतून पुस्तक परत मागवलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. पुरस्कार समितीलाही मी सगळे कागद पाठवले. समारंभ पुढे ढकलल्याचं त्यांनी कळवलं आहे, तारीख दिलेली नाही. देणारही नाहीत. कोट शिवून झाला होता, तो भावोजींना होईल का बघ.

परवा शाळेत गेलो होतो. मुलीनेच हट्ट धरला होता, की तिला तो गोळा थांबताना पाहायचा आहे. तिची आई आणि मास्तर दोघांनी हो म्हटल्यावरच गेलो. माझा पितळी गोळा नेला. मुलं दोरीपासून लांब, मी भिंतीपाशी. नाकाशी धरला, सोडला. तीनशे वेळा केलेली गोष्ट. तो परत येताना मी डोळे मिटले, ताई. आजवर कधी मिटले नव्हते. वर्गात कुणी किंचाळलंही नाही.

डोळे उघडले तर ती मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. म्हणाली, की पुस्तकात बोटभर अंतर लिहिलंय, इथे चांगलं चार बोटं राहिलं. तिचं बरोबर होतं. सोडताना माझं डोकं भिंतीला पुरतं टेकलेलं नव्हतं, आणि गोळा येताना भीतीने मी ते मागे दाबलं. म्हणजे मीही हललो. ती पुढे, मी मागे, एवढाच फरक. एका डोळ्याने तिला जे दिसलं ते माझ्या लक्षातही आलं नसतं.

म्हणून सूचना नव्याने लिहिली आहे, जुन्यात हे नव्हतं. जिथे जिथे पुस्तक गेलं असेल त्या शाळांना ती स्वतंत्र छापून पाठवणार आहे, पत्ते हाताने लिहितो आहे. सोबत ह्या नव्या सूचनेचं पान जोडलंय. ‘पाठ, टाचा आणि डोकं भिंतीला टेकवा. गोळा सोडा, ढकलू नका. सोडल्यावर तो परत येऊन पुन्हा दूर जाईपर्यंत हलू नका. तुम्हाला हलावंसं वाटेल, प्रत्येकालाच वाटतं. म्हणून दोन्ही बाजूंनी दोघांनी भिंतीशी उभं राहून तुमचे खांदे धरावेत. धरायला दोघं नसतील तर प्रयोग करू नये.’

पुढेही दोन ओळी आहेत, त्या पानावर बघ. वाचशील का? सोमवारपर्यंत नको. झोप झाल्यावर वाच. आणि ह्या वेळी गोल काढलास तर मी कारण विचारणार आहे.

पुढच्या महिन्यात येतो. भाषण नाही, काम नाही, नुसता येतो. भावोजींपाशी बसेन. येऊ देशील एवढा लोभ उरला असेल तर पुरे.

तुझा,
भिंगरी


२५ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोट ह्यांना खांद्यात घट्ट होईल, तरी घेऊन ये. येणार म्हटल्यापासून हे दुकानात तुझ्यासाठी स्टूल पुसून ठेवतायत. मीही आनंदात आहे, पण अजून तुझा पुरता राग गेलेला नाही. तो तू आल्यावर समोर बसवून काढेन.

पान मिळालं. लगेच वाचलं नाही. काल दुपारी दोन तास छान झोपले, उठून तोंड धुतलं, चहा घेतला आणि मग खिडकीशी बसून वाचलं. पहिल्यांदा वाचताना काही नाही. दुसऱ्यांदा वाचताना ‘धरायला दोघं नसतील तर’ ह्या ओळीवर एक जांभई आली. झोपेची नव्हती, खात्रीने सांगते. ओळच तशी आहे, मास्तरी.

नियमाप्रमाणे गोल काढून पान परत पाठवते आहे. गोलाशेजारी शाईने दोन शब्दही लिहिलेत. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच लिहिले, म्हणून तुला अक्षर लागलं नाही तर इथेही लिहिते.

राहू दे.

तुझी,
ताई